जूनच्या आधीचा गणवेश

३ मे, शनिवार

आज माझ्या टेबलाखाली दोन मुलं निघाली.

हे वाक्य लिहून मीच परत वाचलं. माझं टेबल म्हणजे कारखान्यातलं कटिंगचं टेबल. त्यावर कुठली कात्री कुठे, कुठला साचा कुठल्या खिळ्याला, हे मी डोळे मिटून सांगतो. टाचणी इकडची तिकडे झाली तरी मला कळतं. आणि त्याच टेबलाखाली दोन जिवंत मुलं, परीक्षा संपल्यापासून रोज.

झालं असं की पँटच्या कापडाचा जाड थर लावला होता. पहिला वळसा कापून झाला आणि पातं निवायला मशीन बंद केलं. तेवढ्यात खालून शिंक आली. मला वाटलं मांजर असेल. लोंबणारं कापड वर केलं, तर चिंध्यांच्या पोत्याला टेकून एक मुलगी बसलेली आणि तिने एका लहान पोराचं तोंड हाताने दाबून धरलेलं. नाकसुद्धा दाबलेलं. तो हात मला सोडवावा लागला.

मागे शिलाईच्या सगळ्या मशिनी थांबल्या. काजा-बटणावरची नागम्मा उठून उभी राहिली होती. मुलं तिचीच. रेश्मा आता पाचवीत जाईल, मल्लू पहिलीत. दर सुट्टीत ही पोरं वळसंगला नागम्माच्या आईकडे असायची. आई थंडीत वारली. नवरा टेंभुर्णीला ढाब्यावर कामाला, महिना-महिना फिरकत नाही. खोलीत कोंडून ठेवावं तर पत्रा तापतो. मालक कारखान्यात लहान मूल दिसू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, लहान मूल दिसलं की चौकशी मागे लागते. म्हणून तिने ही जागा शोधली.

माझंच टेबल का, असं मी विचारलं.

"तुमच्या टेबलाजवळ कोण येत नाही की, मास्तर," ती म्हणाली.

मुलीला विचारलं, डोक्यावर एवढं पातं फिरतंय, भीती नाही वाटली का? मुलगी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, चपलांकडे बघत होती. म्हणाली, "मशीन चालू असलं की बोलायचं. बंद झालं की गप."

हे दिवसभर डोक्यातून जाईना. मी मशीन बंद केलं की कारखाना कसा एकदम शांत होतो, याचं मला इतकी वर्षं कौतुक वाटत आलंय.

आणखी एक. झिजलेल्या खडूचे तुकडे टेबलावरून नाहीसे होत होते, त्यावरून झाडणाऱ्या बाईला मी बोललो होतो. ते मल्लूच्या खिशात निघाले. मी काढून घेतले नाहीत. कापडावर कुठे रेघ ओढलेली नाही, तेवढं मात्र तपासलं.

घरी बायकोला, विजयमालाला, सगळं सांगितलं. ती गवारीच्या शिरा काढत होती. "मालकांना सांगितलं का?" तिने विचारलं. नाही म्हणालो. तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. मुलं टेबलाखाली होती याच्यापेक्षा तिला याचंच आश्चर्य का वाटावं, मला कळलं नाही.

४ मे, रविवार

मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. कटिंग मला कोणी शिकवलेलं नाही. जुने शर्ट उसवून, तुकडे जमिनीवर मांडून, माणूस कापडात कसा मावतो ते माझं मी शोधलं. त्यामुळे कुठलीही अडचण आली की ती उसवून बघायची सवय लागली आहे.

आज तेच केलं. कारखान्यातल्या बायका आमच्याच वस्तीत आणि पलीकडच्या गल्लीत राहतात. घरोघर जाऊन विचारलं, सुट्टीत पोरं कुठे असतात? एकीची मुलगी आईबरोबर धुण्याभांड्याला जाते आणि त्या बंगल्यांच्या जिन्यावर बसून राहते. एकीची दोन मुलं सकाळी सरकारी दवाखान्यात जातात. आजारी नाहीत. तिथे बाकावर पंखा आहे आणि गार पाणी आहे, म्हणून रांगेत बसल्यासारखी बसतात. कोणी विचारलं तर 'आई आत गेलीय' म्हणायचं, हे घरून शिकवलेलं.

आणि कारण काय, तर आमचा सीझन. गणवेश एप्रिल-मेमध्येच शिवले जातात. दुसऱ्यांची पोरं जूनमध्ये नव्या कपड्यांत शाळेत जावीत म्हणून ह्या बायकांना नेमकं सुट्टीतच डोकं वर काढता येत नाही. मी एवढी वर्षं त्यांच्या पुढ्यात कापलेले गठ्ठे टाकत आलो, आणि हे मला आज कळलं.

वस्तीतल्या बुद्धविहाराची मागची खोली दिवसा रिकामी असते. समितीचे रावसाहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत. खोली मिळाली.

६ मे

खोली सुरू झाली. विहारासमोर राहणाऱ्या गोजाबाईंना लक्ष ठेवायला बसवलं आहे. त्या मिसरी लावतात, ते मला पसंत नाही, पण दिवसभर बसू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं.

मी स्वतः फळा रंगवून नियम लिहिले. येताना हातपाय धुतलेले असावेत. डबा झाकणाचा असावा. उशिरा येणाऱ्यास आत घेतलं जाणार नाही. अक्षर असं काढलं की लांबून छापील वाटावं. गोजाबाईंनी तो फळा बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "लई ग्वाड लिवलंय. वाचणार कोण?"

नागम्माला मी सगळ्यांसमोर शब्द दिला. शाळा उघडेपर्यंत तुझी पोरं माझ्याकडे, तू निवांत काजे कर. सीझनमधलं तिचं काम सुटता कामा नये, ती जबाबदारी माझी. ती काही बोलली नाही. या बायका आभार मानायला शिकलेल्या नाहीत.

८ मे, गुरुवार

मोठं काम आलं आहे. एका नावाजलेल्या शाळेने यंदा गणवेश बदलला. बाटलीसारखा हिरवा रंग, त्यावर पांढरी चौकडी, आणि प्रत्येक चौकटीत एकाच बाजूला केसासारखी पिवळी रेघ. ही रेघच खरी परीक्षा आहे. थर लावताना एक घडी उलटी पडली तरी पाठ आणि पोट जुळत नाही. असलं कापड समोर आलं की मला हुरूप येतो. खिसा शर्टावर असा बसला पाहिजे की चौकडी त्याच्यावरून सरळ पुढे गेली पाहिजे. सूतभर सरकली तर मी तो खिसा परत पाठवतो.

दुपारी मालक, शिवलिंगप्पा शेठ, टेबलाशी येऊन ह्या कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांबद्दल काहीतरी सांगत होते. मशीन चालू होतं. मी मान हलवली.

संध्याकाळी विहाराच्या खोलीवर गेलो. मुलं बरी बसली होती, पण अंगावर काय? कोणाचा बनियन, कोणाचा मोठ्या भावाचा शर्ट गुडघ्यापर्यंत. जो एक गणवेश धड आहे तो आयांनी जूनसाठी पेटीत ठेवलेला. सोमवारी बुद्ध पौर्णिमा. माझ्या खोलीतली मुलं विहारात पुढच्या रांगेत अशी बसणार? मला ते सहन होईना.

थानाचं शेवटचं टोक मास्तराचं, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. कोणी उशीची खोळ शिवतं, कोणी पिशवी. ह्या हिरव्या कापडाची टोकं बरीच निघाली आहेत.

११ मे, रविवार

दिवसभर घरी कापलं. विजयमालाने शिवलं. मुलांना टेप लावायची गरज पडली नाही, मला नजरेने माप येतं. टोकाटोकांतून चौकडी जुळवणं म्हणजे थानातून जुळवण्यापेक्षा दसपट अवघड. पण एकही जोड चुकला नाही.

गोजाबाई म्हणाल्या होत्या, "पुनवेला पांडरं घालत्यात की." मी त्यांना समजावलं, पांढऱ्या कापडात कटिंग करणाऱ्याच्या सगळ्या चुका झाकल्या जातात. पांढरं कोणीही कापेल.

विजयमालाने मशीनवरून मान न उचलता विचारलं, "ह्या कापडाचं मालकांना विचारलंय का?"

टोक मास्तराचं असतं, मी म्हणालो.

"ते खोळीला," ती म्हणाली. मग पुढे शिवत राहिली.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

आजच्यासारखा दिवस माझ्या आयुष्यात कमी वेळा आला आहे.

वंदना झाली, खीर वाटली. माझ्या खोलीतली मुलं एका रांगेत, एका कापडात. लोक माना वळवून बघत होते. रावसाहेब म्हणाले, इंग्लिश शाळेची पोरं आल्यासारखी वाटली. नागम्मा देवाधर्माने आमची नव्हे, पण तीही कोपऱ्यात येऊन उभी होती.

एक गंमत लिहून ठेवतो. मल्लूला कोणीतरी लिमलेटची गोळी दिली. ती ठेवायला तो खिसा शोधायला लागला आणि त्याला खिसाच सापडेना. छातीवर हात फिरवतोय, फिरवतोय. चौकडी अशी जुळली होती की खिसा शर्टात बुडून गेला होता. शेवटी रेश्माने त्याचं बोट धरून खिशात घातलं. सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

संध्याकाळी मिरवणूक सात रस्त्यावरून वळली तेव्हा एका गाडीतून एक गृहस्थ उतरले. मुलांना थांबवून त्यांनी विचारलं, कुठल्या शाळेची तुम्ही? रेश्माने सांगितलं, "मास्तरांच्या सुट्टीची." त्यांनी तिचा आणि मल्लूचा फोटो काढला. जवळून, पाठीमागूनही काढला. शिवण उलटी करून बघितली. कदर असलेला माणूस दिसला. नाव विचारायचं राहून गेलं.

१४ मे

नागम्मा कामावर नाही. काल दुपारनंतरच गेली म्हणे. तिच्या मशीनवर दुसरी बाई बसवली आहे, तिचे काजे वाकडे जातात. पोरंही खोलीवर आली नाहीत.

भर सीझनमध्ये? मी शब्द दिला, जागा केली, कपडे केले, आणि ही बाई न सांगता घरी बसते. शेजारच्या मशीनवालीला विचारलं तर म्हणाली, "तब्येत असंल." मग तिने दोरा तोडला, सुई तपासली, परत दोरा ओवला. दोरा तुटलेला नव्हता, मी पाहत होतो.

१७ मे, शनिवार

खोलीवर गेलो. एकाही मुलाच्या अंगावर नवे कपडे नाहीत. परत तेच बनियन, तेच लोंबते शर्ट.

गोजाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "धुवाया टाकल्यात."

सगळ्यांचे? एकदम?

"व्हय. सगळ्यांचे."

माझा नियमांचा फळा भिंतीवर नव्हता. बघतो तर पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलेला, अक्षरांची बाजू खाली. गोजाबाई म्हणाल्या, पाल पडत हुती मास्तर, मंग काय करू? माणसाने एवढं करावं आणि त्याचं असं व्हावं. घरी येऊन जेवलो नाही. विजयमालाने आग्रह केला नाही, हेही लिहून ठेवतो.

१९ मे, सोमवार

कामावरून परस्पर नागम्माच्या घरी गेलो. जाब विचारायलाच गेलो होतो, खोटं कशाला लिहू.

पत्र्याच्या दारात ती आणि पोरं चिंच फोडत बसली होती. समोर चिंचेचा ढीग, बाजूला चिंचोक्यांचा. रेश्माची बोटं काळी झाली होती. मला बघून मल्लू उठला आणि आईच्या पाठीमागे गेला.

मी म्हणालो, काम सोडलंस ते सांगायची रीत असते.

"सोडलं नाही, मास्तर. मालकांनी नको म्हटलं."

का?

ती चिंच फोडत राहिली. मग म्हणाली, "कापड."

मला अजून कळेना. मग तिने एकेक करून सांगितलं. गाडीतून उतरलेला तो गृहस्थ त्याच शाळेचे गणवेश विकणारा व्यापारी होता. नवा गणवेश जूनपर्यंत कोणाला दिसू नये, फक्त त्याच्याच दुकानात मिळावा, अशी बोली होती. चिंधीसुद्धा मोजून परत द्यायची होती. त्याने वस्तीतल्या पोरांच्या अंगावर तोच गणवेश मे महिन्यात बघितला, फोटो घेतला आणि मालकांच्या पुढ्यात ठेवला. फोटोत कोण, तर नागम्माची पोरं. तिने कापड चोरलं, असं ठरलं.

मालक त्या दिवशी टेबलाशी काय सांगत होते, ते मला आत्ता ऐकू आलं.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, कुणावर ते माहीत नाही.

"तुम्ही गेलात तर टेबल बंद. टेबल बंद तर समद्या बायका घरी," ती म्हणाली. "माझ्या एकटीवर निघालं, बरंच झालं की. आणि सांगायचं काय त्यात?"

शेवटचं बोलताना तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आम्ही सगळ्यांनी मल्लूकडे बघितलं होतं, तो खिसा शोधत होता तेव्हा. त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही. उद्या मालकांना सगळं सांगणार. त्यांना खरं कळलं की ते तिला परत घेतील. माणूस कडक आहे, पण न्यायाने चालतो.

२० मे, मंगळवार

आज अक्षर नीट येत नाही.

सकाळी मालकांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. ते कपडे मी कापले, माझ्या घरी शिवले, नागम्माने चिंधीलाही हात लावलेला नाही.

मालकांनी खुर्ची पुढे केली. चहा सांगितला. मग मोबाइल काढून तो फोटो माझ्यासमोर धरला. मल्लू, छातीवर हात ठेवून उभा.

"मास्तर, ह्या शर्टाचा खिसा कुठंय, दाखवा बघू."

मी बघितलं. फोटोत खिसा दिसत नव्हता.

"मलाही सापडला नाही," मालक म्हणाले. "असा शर्ट कापणारा सोलापुरात एकच माणूस आहे. फोटो बघितला तेव्हाच ओळखलं की ओ."

खरं तेच लिहितो. 'एकच माणूस' हे ऐकलं आणि आधी मला बरं वाटलं. छाती भरून आली. हे वाक्य ऐकायला मी अर्धं आयुष्य घालवलं आहे. ते पुरतं आत उतरल्यावर मग कळलं की ते काय बोलले.

मग तिला का काढलं, मी विचारलं.

"व्यापाऱ्याला कुणीतरी दाखवावं लागतं. काजेवाली सकाळी गेली तर दुपारी दुसरी येते. तुम्ही गेलात तर ऑर्डर जाते. जून तोंडावर आलाय." मग समजावल्यासारखं म्हणाले, "तुम्हाला बरं वाटायला पाहिजे, मास्तर. घ्या, चहा निवतोय. आणि ते सगळे कपडे गोळा करून आणा, व्यापाऱ्यासमोर जाळून टाकू. विषय संपला."

सगळ्यांना माहीत होतं. मालकांना, नागम्माला, दोरा ओवणाऱ्या त्या बाईला, गोजाबाईंना. घरी विचारलं तर विजयमाला म्हणाली, "मला पौर्णिमेलाच वाटलं होतं." मग का बोलली नाहीस? "तुमच्यापुढं कोण बोलतं?"

तो चहा मी प्यायलो. आणि संध्याकाळपर्यंत तेच हिरवं कापड कापलं. चौकडी जुळवून.

२१ मे

कपडे गोळा करायला विहारात गेलो. जायला नको होतं, पण गेलो. मालकांनी सांगितलं की पाय चालायला लागतात, अशी सवय.

गोजाबाईंनी कपाटातून गठ्ठा काढून पुढ्यात टाकला. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचे कपडे दिले. सगळे गडद निळे, जवळजवळ काळे. मग काखेची शिवण बघितली. माझेच.

"नागम्मानं रंगवल्यात," गोजाबाई म्हणाल्या. तिला काढलं त्याच संध्याकाळी ती घरोघर फिरली म्हणे. पोरांच्या अंगावरून कपडे उतरवून घेतले. तिचा दीर सूत रंगवायच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे नेऊन एकाच हौदात बुडवले. का, तर उद्या दुसऱ्या पोरांचे फोटो निघाले तर त्यांच्या आयांचंही काम जाईल. "तिचं तर गेलंच हुतं," गोजाबाई म्हणाल्या. "सांगितलंन, मास्तरास्नी इतक्यात कळू देऊ नगा, वाईट वाटंल त्यास्नी."

मी खाली बसलो. मल्लूचा शर्ट हातात घेऊन खिडकीकडे धरला. उन्हात रंगाच्या खालून चौकडी दिसत होती. खिसा तरीही सापडत नव्हता.

जाळायला काहीच नेलं नाही. ह्या शर्टांत आता कोणाची शाळा उरलेली नाही.

२२ मे, गुरुवार

सकाळी थर लावला. घडी न् घडी तपासली. खडूने सगळी आखणी केली. मग मशीनला हात न लावता स्टुलावर बसलो.

थोड्या वेळाने मागच्या मशिनींना पुढ्यात घ्यायला काही उरेना. एकेक थांबत गेली. मालक आले. काय झालं मास्तर, बरं नाही का?

मी म्हणालो, "काजे कोण करणार ते कळल्याशिवाय पट्टी किती सोडायची, कळत नाही."

हे अर्थातच खरं नाही. पट्टी तेवढीच सोडायची असते. मालकांनाही ते माहीत आहे. त्यांनी थराकडे बघितलं, मग बायकांकडे. एकीनेही मान खाली घातली नाही, हे मी पहिल्यांदा बघितलं. आणि मला घाम फुटला होता, तोही लिहितो. घरात पोतंभर ज्वारी आहे, तेवढ्यावर किती निघेल याचा मी मनात हिशोब करत होतो.

मालक बाहेर गेले. फोनवर बोलले. दुपारी नागम्मा आली. माझ्याकडे न बघता आपल्या मशीनवर बसली, त्या दुसऱ्या बाईने लावलेला दोरा काढला आणि आपला लावला.

मी मशीन चालू केलं.

जाताना मालक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाळा उघडल्या की आपण बोलू, मास्तर." पगाराचं असावं. परवाच ते माझ्या कामाबद्दल एवढं मोठं वाक्य बोललेच आहेत. विजयमालाला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो..." आणि ताटं मांडायला उठली.

२ जून

मालकांनी नवनाथ नावाचा एक कटर आणला आहे. बार्शीकडचा, लग्न झालेला, समजूतदार. तुमचा हात बघून शिकू दे म्हणाले. एवढी वर्षं मी एकट्यानेच शोधलं, कोणाला दिलं नाही. चांगला शिकतोय. पिवळी रेघ कशी ओळखायची, ते त्याला पहिल्याच दिवशी जमलं. खिशाचं सगळं सांगितलं त्याला. सांगताना बरं वाटलं.

नागम्मा सारखी आमच्याकडे बघत होती. तिला म्हटलं काजे बघ.

खोलीवर मुलं आली आहेत. रेश्मा बारक्यांना पाढे घेते. मल्लूच्या अंगावर तो निळा-काळा शर्ट. फळा अजून माठावरच. राहू दे. पाल पडते हे खरं आहे.

१६ जून, सोमवार

आज शाळा उघडल्या. सकाळी सात रस्त्यावर तो हिरवा गणवेश पहिल्यांदा रीतसर बघितला. रिक्षांतून, स्कूटरवर, सगळीकडे. गाडीवाल्या पोरांचे खिसे जवळूनही सापडत नव्हते.

कारखान्यात पोचलो तेव्हा नवनाथ माझ्या टेबलाशी होता. थर त्याने लावलेला. मालकांनी आत बोलावलं आणि फार गोड बोलले. सीझन संपला. तुम्ही थकलात. थोडे दिवस विश्रांती घ्या, लागलं तर बोलावू. व्यापाऱ्याचा तुमच्यावर राग आहे, मी काय करू?

नागम्माचं काय, एवढंच मी विचारलं.

"ती राहील की. तिचं काय चुकलं होतं?" मालक म्हणाले.

पंधरा दिवस तो माणूस माझ्या शेजारी उभा होता. मी त्याला खिसा शिकवला, स्वतःच्या तोंडाने. शिंक ऐकूनसुद्धा मांजर समजणारा माणूस मी.

माझी हत्यारांची पिशवी टेबलाखाली असते. ती घ्यायला वाकलो, हात पुरेना, म्हणून गुडघ्यावर आत शिरलो. ह्या टेबलाखाली मी पहिल्यांदा गेलो. वर नवनाथने मशीन चालू केलं. आतून तो आवाज केवढा मोठा वाटतो. सगळी फळी अंगावर थरथरते.

पिशवी ओढताना वर पाहिलं, आणि तसाच राहिलो. फळीच्या खालच्या बाजूला खडूने चित्रं काढलेली. माझे हरवलेले खडू. एक घर, एक विहीर, वळसंगची असावी. बाकी सगळीकडे एकच चित्र, पुन्हा पुन्हा. दोन पाय. दोन चपला. उजव्या चपलेचा अंगठा मार्चमध्ये तुटला तेव्हा मी स्वतः मेणदोऱ्याने शिवला होता, चांभाराला लाजवील असा. चित्रात तो अंगठा होता. त्यावर माझे टाके होते, तिरपे, जसे आहेत तसे. शेवटचा टाका जरा बाहेर गेलाय, तोही रेश्माने काढला होता. तो चुकलाय हे मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला दिसलं असेल असं वाटलं नव्हतं.

कापड वर झालं. नागम्मा वाकून आत आली. तिच्या हातात माझी मोठी कात्री होती, टेबलावर राहिलेली. तिने ती पिशवीत ठेवली, पाती आतल्या बाजूला करून. ती रडलेली होती की चिंध्यांच्या धुळीने डोळे लाल होते, मला सांगता येणार नाही.

"दिवाळीच्या सुट्टीला खोली उघडणार की नाही, मास्तर?" मशीनच्या आवाजात तिने विचारलं.

"उघडणार की," मी म्हणालो. "पण ह्या खेपेला आधी तुम्हा बायकांना..."

वर मशीन बंद झालं.

आम्ही दोघंही गप्प झालो.